हातात धरून दूरचा पक्षी टिपताना: रीच वाढवण्याच्या एका निर्णयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वय पंचावन्नच्या आसपास, पक्षिनिरीक्षणाचा जुना नाद, आणि फोटो काढायचे ते चालता चालता, कॅमेरा हातात धरूनच. या प्रकरणातल्या छायाचित्रकाराची एवढी ओळख पुरेशी आहे. इथे त्यांना ताई म्हणू.

ताईंकडे निकॉन डी७२०० ही २४ मेगापिक्सेलची एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी होती आणि तिच्यावर ७०-३०० मिमी एफ/४.५-५.६ ही झूम लेन्स. बॅटरीसह बॉडी ७६५ ग्रॅम, लेन्स ७४५ ग्रॅम, म्हणजे एकूण जेमतेम दीड किलो. उजव्या खांद्याला जुनी दुखापत होती. ट्रायपॉड त्यांनी वापरून पाहिला होता आणि सोडून दिला होता. झुडपाच्या कडेने जाताना पक्षी दिसतो, दोन-चार क्षण थांबतो आणि उडतो, तेवढ्या वेळात ट्रायपॉडचे पाय उघडूनही होत नाहीत. त्यामुळे हँडहेल्ड ही त्यांची हौस नव्हती, त्यांच्या भटकंतीच्या पद्धतीला तेच सोयीचं होतं. सल्ला देताना ही अट मी पक्की धरली. ‘ट्रायपॉड घ्या’ हे उत्तर इथे बाद होतं.

प्रश्न त्यांनी सरळ विचारला: “मला सहाशे मिमी हवी आहे. कुठली घेऊ?”

अडचण

पक्षी फ्रेममध्ये लहान येतो, क्रॉप केला की पिसांचा लगदा होतो, ही त्यांची तक्रार. ३०० कमी पडते, म्हणून ६०० हवी, असा हिशेब त्यांनी मांडला होता. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. पिसांचा लगदा होण्याची कारणं बरीच असतात आणि त्यांतल्या एकाच कारणावर लांब लेन्स हा इलाज आहे.

म्हणून लेन्सची नावं काढण्याआधी त्यांना एक काम सांगितलं: गेल्या हंगामातले नापसंत फोटो बाजूला काढा, प्रत्येक फोटो १०० टक्के मोठा करून बघा आणि चार ढीग करा. एका ढिगात, पक्षी स्वच्छ आहे पण लहान आहे असे फोटो. दुसऱ्यात हात हलल्याने किंवा पक्षी हलल्याने फिसकटलेले. तिसऱ्यात फोकस मागच्या फांदीवर गेलेले. चौथ्यात उन्हाच्या झळांनी थरथरलेले. सोबत प्रत्येक फोटोचा शटर स्पीड आणि अपर्चरही पाहायचं.

ताईंना वाटत होतं पहिला ढीग सगळ्यात मोठा निघेल. निघाला दुसरा. सावलीत बसलेल्या पक्ष्यांचे बरेच फोटो १/२०० किंवा १/२५० सेकंदाला काढलेले होते. एपीएस-सी बॉडीवर ३०० मिमी हातात धरायची तर जुन्या ढोबळ नियमाने किमान १/४५० तरी हवा. व्हीआर (लेन्समधली स्थिरीकरणाची यंत्रणा) हाताचं कापणं सावरतं, पण पक्ष्याने मान वळवली तर व्हीआर काहीच करू शकत नाही, आणि छोटे पक्षी सतत मान वळवत असतात. चौथा ढीगही लहान नव्हता. भर दुपारी तळ्याच्या पलीकडच्या काठावरचे जवळजवळ सगळे फोटो त्यात गेले. तिथे ३०० लावा नाहीतर ८००, तापलेल्या हवेतून आलेलं चित्र थरथरतच येणार.

पहिला ढीग तरीही होताच. रीच, म्हणजे दूरचा पक्षी मोठा आणण्याची क्षमता, कमी पडत होती हे खरं होतं, पण हाल एकट्या रीचमुळे होत नव्हते. हे स्पष्ट झाल्यावर प्रश्न बदलला. ‘सर्वात लांब लेन्स कोणती’ हे बाजूला पडलं आणि ‘या खांद्यावर, चालता चालता, पुरेशा शटर स्पीडला पक्ष्यावर जास्तीत जास्त स्वच्छ पिक्सेल कशाने पडतील’ हा प्रश्न पुढे आला.

रीचचा हिशेब

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक चुकीच्या खरेदी याच टप्प्यावर होतात.

एक ठरावीक पक्षी घेऊ: लहान खंड्या, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटीमीटर, २० मीटरवर बसलेला. ३०० मिमी लेन्स त्याची सेन्सरवर २.४ मिमीची प्रतिमा पाडते. डी७२०० च्या सेन्सरवर २३.५ मिमी रुंदीत ६००० पिक्सेल आहेत, म्हणजे खंड्याच्या वाट्याला सुमारे ६१० पिक्सेल येतात. ४२० मिमीला हा आकडा ८६० च्या आसपास जातो, ५०० ला १०२० आणि ६०० ला सव्वाबाराशेच्या जवळ.

आता हीच ६०० मिमी २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (सुमारे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या) बॉडीवर लावली तर? पिक्सेल मोठे असल्यामुळे खंड्यावर पडतात सुमारे ८००. म्हणजे ताईंच्या जुन्या बॉडीवरची ४२० मिमी, फुल फ्रेमवरच्या ६०० पेक्षा पक्ष्यावर थोडे जास्तच पिक्सेल टाकते. लेन्सवर छापलेली फोकल लेंथ एकटी काही सांगत नाही, आणि ‘६०० च्या बरोबरीची’ असं म्हणून विकलं जाणारं सगळं एकाच मापाचं नसतं.

पण नुसते पिक्सेल मोजणंही धोक्याचं. निकॉन पी९०० हा २०१५ चा ब्रिज कॅमेरा ‘२००० मिमी’ दाखवतो. त्याची खरी फोकल लेंथ शेवटच्या टोकाला ३५७ मिमी आहे, सेन्सर नखाएवढा आणि अपर्चर एफ/६.५. त्या इवल्याशा पिक्सेलांमुळे आपल्या खंड्यावर दोन हजारांहून अधिक पिक्सेल पडतात. प्रकाश किती येतो? फोकल लेंथला एफच्या आकड्याने भागलं की लेन्सच्या तोंडाचा प्रभावी व्यास मिळतो. इथे तो सुमारे ५५ मिमी येतो. ताईंच्या ७०-३०० चा ३०० ला व्यास ५४ मिमी. म्हणजे पक्ष्याकडून येणारा प्रकाश दोन्हीकडे जवळपास तेवढाच, फक्त एकीकडे तो लांबीत साडेतीनपट, म्हणजे एकूण सुमारे बारापट पिक्सेलांत वाटला जातो. उन्हात बसलेल्या पक्ष्यासाठी असा कॅमेरा उत्तम काम देतो. सावलीत किंवा उडत्या पक्ष्यावर मात्र त्याचा दम लवकर संपतो.

हा व्यासाचा हिशेब ताईंना फार उपयोगी पडला. ३०० मिमी एफ/४ चा व्यास ७५ मिमी, ५०० मिमी एफ/५.६ चा ८९, ६०० मिमी एफ/६.३ चा ९५. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, फोकल लेंथ वाढवणारं जोडभिंग) लावला तरी हा व्यास तसाच राहतो. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश ‘खातो’ असं म्हणतात ते फ्रेमच्या दर मिलिमीटरपुरतं खरं आहे. पक्ष्याकडून आलेला एकूण प्रकाश तेवढाच राहतो, मोठ्या प्रतिमेवर पसरतो इतकंच. आणि ५४ वरून ७५ मिमी व्यास म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. पक्ष्याकडून दुप्पट प्रकाश मिळाला की शटर स्पीड वाढवायला जागा मिळते, आणि दुसऱ्या ढिगावर खरा इलाज तोच होता.

कोणते पर्याय तोलले

असलेल्याच लेन्सवर टेलिकन्व्हर्टर लावणं ही ताईंची पहिली कल्पना. ती लगेच बारगळली. निकॉनचे टेलिकन्व्हर्टर त्या लेन्सवर बसत नाहीत. बसले असते तरी एफ/५.६ चं एफ/८ झालं असतं आणि या बॉडीचा फक्त मधला फोकस पॉइंट एफ/८ ला काम करतो.

१५०-६०० मिमीच्या झूम लेन्स हा लोकप्रिय पर्याय. सिग्माची कंटेम्पररी सुमारे १९३० ग्रॅम, टॅमरॉनची दुसरी पिढी सुमारे २०१० ग्रॅम, दोन्ही शेवटी एफ/६.३ वर येतात. निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६, जी २०१५ मध्ये आली, कॉलरसह (ट्रायपॉडला जोडायच्या कडीसह) २३०० ग्रॅम. ताईंचा कल हिच्याकडे होता. पूर्ण झूमभर एफ/५.६, चांगला व्हीआर आणि झूमची सोय. बॉडी धरून एकूण वजन मात्र तीन किलोच्या वर.

त्याच वर्षी आलेली निकॉनची ३०० मिमी एफ/४ पीएफ हा चौथा पर्याय. तिच्यात फेज फ्रेनेल भिंग असल्यामुळे वजन फक्त ७५५ ग्रॅम आणि लांबी साधारण १५ सेंटीमीटर. १९० ग्रॅमचा टीसी-१४ई थर्ड हा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावला की ४२० मिमी एफ/५.६ मिळते आणि सगळे फोकस पॉइंट चालू राहतात. बॉडीसह वजन १७१० ग्रॅम, म्हणजे ताईंच्या हाताला सवय असलेल्या वजनापेक्षा फक्त २०० ग्रॅम जास्त. पीएफ भिंगाचा एक दोष आधीच सांगून ठेवला: फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या अगदी जवळ सूर्यासारखा तीव्र प्रकाश असेल तर रंगीत वलयं उमटू शकतात.

५०० मिमी एफ/५.६ पीएफ (२०१८, १४६० ग्रॅम) कागदावर सगळ्यांत सरस होती, पण पैशांच्या मर्यादेत बसत नव्हती. ती चर्चेतून फार लवकर बाहेर पडली. त्याकडे पुढे पुन्हा येऊ.

पूर्ण सिस्टीम बदलून मायक्रो फोर थर्ड्सकडे (एपीएस-सीपेक्षाही लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांकडे) जाणं हाही विचार झाला. तिथली ३०० मिमी एफ/४ कॉलरसह १४७५ ग्रॅम आहे आणि ‘६०० च्या बरोबरीची’ म्हणून ओळखली जाते. २० मेगापिक्सेलच्या बॉडीवर मात्र आपल्या खंड्यावर सुमारे ७१५ पिक्सेल पडतात, म्हणजे ४२० मिमीच्या जोडीपेक्षा कमीच. त्या सिस्टीमचं स्टॅबिलायझेशन अतिशय चांगलं आहे, पण बॉडी, लेन्स, सवयी सगळंच बदलायचं तर त्या बदल्यात मिळणारं पुरेसं नव्हतं.

शेवटचा पर्याय बिनखर्चाचा: जवळ जाणं. २० ऐवजी १४ मीटरवर पोचलं की ३०० मिमीवरच ४२० इतके पिक्सेल मिळतात, शिवाय मधला हवेचा थर कमी होतो.

चाचणी आणि निर्णयाचे क्षण

पहिला निर्णय होता न विकत घेता भाड्याने आणण्याचा. २००-५०० आणि ३०० पीएफ टेलिकन्व्हर्टरसह, दोन्ही आणल्या. बारीक अक्षरांचा छापील कागद २० मीटरवर लावून प्रत्येकीने १/२५०, १/५०० आणि १/१००० ला फोटो काढले: एकदा सकाळी ताज्या हातांनी, एकदा फेरफटका मारून आल्यावर. तुलना करताना एक काळजी घेतली. दोन्ही फोटोंतला कागद सारख्या आकाराचा दिसेल असे करूनच ते शेजारी ठेवले. नाहीतर १०० टक्क्यांवर लांब लेन्सचं चित्र नेहमीच जास्त मऊ वाटतं आणि निकाल उलटा लागतो.

ताज्या हातांनी २००-५०० जिंकली. त्यात वाद नव्हता, कागदावरचं अक्षर ५०० ला अधिक वाचता येत होतं. १/१००० ला तर फरक स्पष्टच. फेरफटक्यानंतर मात्र १/५०० ला अक्षरांच्या कडा दुहेरी दिसू लागल्या, तर हलक्या जोडीचे फोटो सकाळसारखेच राहिले.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते कागदावरून कळलं नाही, फोटोंच्या वेळांवरून कळलं. जड लेन्स असताना सुरुवातीला भराभर फोटो होते, मग ते विरळ होत गेले. पक्षी कमी झाले नव्हते. ताई कॅमेरा उचलायचं टाळत होत्या. “हा काही फार खास नाही, जाऊ दे” असं मनात येऊन हात खालीच राहायचा, हे त्यांनी स्वतः सांगितलं. खांद्याला पट्ट्याने टांगलेली तीन किलोची जोडी वाहता येते, पण ती शंभरदा डोळ्यापर्यंत नेणं वेगळं.

दुसरा निर्णय इथे झाला: एकेका फोटोतली सर्वोच्च गुणवत्ता धरायची की दिवसभरात हाती लागणारे स्वच्छ फोटो? ताईंनी दुसरं निवडलं. दगडावर टेकून किंवा लपणीत बसून काम करणाऱ्याने पहिलं निवडलं असतं तर तेही तितकंच बरोबर ठरलं असतं.

तिसरा निर्णय टेलिकन्व्हर्टर कायम लावून ठेवायचा की नाही याचा. टेलिकन्व्हर्टर लावल्यावर फोकस थोडा मंदावतो. त्यामुळे ठरलं ते असं: बसलेल्या पक्ष्यांसाठी तो लावलेला, घार किंवा बगळे उडत असतील आणि जवळ असतील तर काढलेला, संध्याकाळीही काढलेला. टेलिकन्व्हर्टर लावून आणि न लावता फोकसची बारीक जुळवणी वेगवेगळी तपासून घेतली. दोन्ही वेळा ती सारखीच असेल असं गृहीत धरू नये.

प्रत्यक्ष काय केलं

३०० पीएफ आणि टेलिकन्व्हर्टर घेतला. त्याच्याबरोबर सवयीही बदलल्या आणि माझ्या मते निम्मं काम त्यांनी केलं. शटर स्पीड १/६४० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आयएसओ आपोआप वाढू द्यायचा. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास. डावा हात लेन्सच्या खाली, जमेल तितका पुढे. कोपरं बरगड्यांना टेकलेली. व्ह्यूफाइंडर भुवईवर दाबलेला. एकेक फोटो काढण्याऐवजी तीन-चारची छोटी मालिका, कारण बटण दाबताना पहिल्या फोटोला हिसका बसतो आणि मधले फोटो बहुधा जास्त स्थिर निघतात.

पक्षी शोधण्याचाही सराव करावा लागला. ४२० मिमीला २० मीटरवर फ्रेम जेमतेम १.१ मीटर रुंद असते आणि आता झूम मागे घेऊन शोधायची सोय नव्हती. नजर पक्ष्यावरून न काढता कॅमेरा डोळ्यासमोर आणायचा, हे हाताला बसायला वेळ लागतो. घरातल्या खिडकीतून समोरच्या झाडावरचं ठरावीक पान पकडण्याचा सराव त्यासाठी पुरला.

शिवाय दुपारी तळ्यापलीकडचे फोटो काढणं त्यांनी थांबवलं. तो वेळ ताई दुर्बिणीला देतात.

परिणाम

पुढच्या हंगामानंतर तेच चार ढीग पुन्हा केले. फिसकटलेल्यांचा ढीग खूप खाली आला. झळांचा ढीग जवळपास नाहीसा झाला, पण त्याचं श्रेय लेन्सला नाही. ‘स्वच्छ पण लहान’ हा ढीग अजूनही आहे, आणि आता तोच सर्वांत मोठा आहे. याचा अर्थ लेन्स कमी पडली असाही होतो आणि बाकीच्या अडचणी हटल्यामुळे रीचची खरी मर्यादा उघडी पडली असाही. मला दुसरा अर्थ पटतो. आता ६०० चा विचार केला तर तो योग्य कारणासाठी होईल.

तोटेही झाले. संध्याकाळी झाडीत, टेलिकन्व्हर्टर काढूनही, आयएसओ ६४०० च्या पुढे जातो आणि एपीएस-सी सेन्सरवर पिसांचा पोत हरवतो. जवळ आलेला मोठा बगळा फ्रेममध्ये मावत नाही आणि मागे सरकायला जागा नसते, तेव्हा झूमची आठवण येते. आणि झुडपाजवळ धूळ असताना टेलिकन्व्हर्टर काढ-घाल करणं ताई टाळतात. त्यामुळे तो ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लावलेलाच राहतो.

खांद्याने मात्र तक्रार केलेली नाही. त्या आता पूर्वीइतक्याच लांब चालतात आणि परतीच्या वाटेवरही कॅमेरा उचलतात.

वेगळं काय करता आलं असतं

५०० पीएफ चर्चेतून लवकर गळली, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. नवीन लेन्सची किंमत पाहून तिच्यावर काट मारली गेली, पण वापरलेली, तपासून घेतलेली प्रत हा पर्याय तोललाच गेला नाही. बॉडीसह तिचं वजन सव्वादोन किलोच्या जवळ. ते खांद्याला झेपलं असतं की नाही हे भाड्याने आणून कळलं असतं, आणि झेपलं असतं तर खंड्यावर हजार पिक्सेल आणि ८९ मिमी व्यास दोन्ही मिळाले असते.

चाचणी फक्त दिवसाच्या चांगल्या उजेडात झाली. ताईंचे आवडते पक्षी संध्याकाळी बाहेर पडतात. मावळतीच्या उजेडात दोन्ही लेन्स तासभर वापरल्या असत्या तर आयएसओची अडचण आधीच दिसली असती. निर्णय बहुधा तोच राहिला असता, पण अपेक्षा वेगळी राहिली असती.

जवळ जाण्याचा पर्याय यादीत सर्वांत शेवटी आला आणि त्यावर सर्वांत कमी वेळ गेला. खाली बसणं, एका जागी थांबून पक्ष्याला आपल्याकडे येऊ देणं, मळकट रंगाचे कपडे, सूर्य पाठीशी ठेवणं, हे सगळं आधी महिनाभर करून मग लेन्स निवडली असती तर किती मिमी हवेत याचा आकडाच कदाचित खाली आला असता. अर्थात घरट्याजवळ ही जवळीक लागू नाही. तिथे दूर राहून लहान फोटोवर समाधान मानायचं.

पुढचा टप्पा बॉडीचा आहे. मिररलेसकडे गेल्या तर ३०० पीएफ आणि टेलिकन्व्हर्टर दोन्ही एफटीझेड ॲडॅप्टरवर (जुन्या लेन्स मिररलेस बॉडीला जोडणाऱ्या कडीवर) ऑटोफोकससह चालतात, म्हणजे लेन्समध्ये घातलेले पैसे वाया जात नाहीत. पण नवी बॉडी २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम घेतली तर खंड्यावरचे ८६० पिक्सेल ५६० वर येतील. एपीएस-सी किंवा ४५ मेगापिक्सेलची फुल फ्रेम, यांतलंच काहीतरी घ्यावं लागेल, आणि यावेळी भाड्याने आणलेली बॉडी संध्याकाळी वापरून बघायचं ताईंनी ठरवलं आहे.